चिलटांची फीट

राजारामपुरी, कोल्हापूर
रविवार, रात्री

प्रिय दिग्या,

तुझ्या ओवीला फिटा का येतात, त्याचा जनुकांचा रिपोर्ट तू धाडलास, तो चारदा वाचला. फोनवर तू गप्प होतोस नि मी भलतंच बडबडतो, म्हणून कागद घेतला.

प्रयोगशाळेत फळांवरची चिलटं पाळतो, म्हणून मला तू 'चिलटवाला' म्हणतोस. म्हण. पण रिपोर्टात एससीएन१ए असं जे जनुकाचं नाव आहे ना, त्याचा भाऊबंद माझ्या बाटलीतल्या प्रत्येक चिलटात आहे. चेतापेशीच्या आवरणात सोडियम आत घेणारी दारं असतात. ती कशी घडवायची हे या जनुकात लिहिलेलं असतं. आपल्याकडे अशी नऊ जनुकं आहेत, चिलटाकडे एकच, 'पॅरा'. त्यामुळे त्यात खोट आली तर सांभाळून घ्यायला दुसरं कुणी नाही.

'पॅरा'तली एक खोट १९७१ सालीच मिळाली होती. ती चिलटं २९ अंशांवर नेली की बघता बघता लुळी पडायची, थंडाव्यात आणली की उठून चालू लागायची. पुढे आपले शास्त्रज्ञ ओबेद सिद्दिकी आणि अमेरिकेचे सेमूर बेंझर यांनी अशा चिलटांच्या नसांतली वीज मोजली, १९७६ मध्ये.

फीट येणारी चिलटं वेगळी. त्यांची नळी मशीनवर १० सेकंद गदागदा हलवायची. साधं चिलट लगेच उडून जातं. हे मात्र पाय झाडतं, पंख फडफडवतं, मग निपचित पडतं. पुन्हा एक झटका येतो आणि उठून काही झालंच नाही असं डोळे पुसत बसतं. त्यानंतर थोडा वेळ कितीही हलव, फीट येत नाही. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला शाळेचं मैदान आठवलं. आपल्या वर्गातला तो पोरगा पडला होता आणि सरांनी हुंगवायला चप्पल मागितली. माझीच दिली होती रे, वर ऐटीत. अजून लाज वाटते.

यातल्या सर्वांत हट्टी, औषधांना सहसा न बधणाऱ्या चिलटांचा दोष नेमका कुठला, हे २०११ मध्ये कळलं. तोही 'पॅरा'तच! तिथे दार हवं तसं सहज बंद होत नाही.

ओवीचं उलटं आहे, तिच्यात दारं कमी पडतात. मग फीट का यावी? मीही इथेच अडलो होतो. २०१२ मध्ये कॅलिफोर्नियात तापातल्या फिटांच्या एका आजाराचा माणसातला बदल चिलटाच्या जनुकात घातला. गरम केल्यावर त्यांना फिटा आल्या. बघितलं तर उष्णतेत कमी पडत होत्या त्या 'थांब' म्हणणाऱ्या पेशी. गाडी जोरात नव्हती, ब्रेक लागत नव्हता. सोडियमची दारं आणखी बंद करणाऱ्या काही गोळ्या ड्रॅव्हेच्या, म्हणजे ओवीला आहे त्या आजाराच्या मुलांना बाधतात, त्याचं कारण याच वाटेवर आहे. डॉक्टरांनी ओवीची गोळी का बदलली असेल, ते आता तुझ्या ध्यानात येईल.

चिलटाकडून ओवीचं औषध ठरत नाही, हे स्पष्ट सांगतो. त्याच्या मेंदूत लाख-दीड लाख पेशी, पोरीच्या मेंदूत हजारो कोटी. पण एक गोष्ट काकूंना तूच सांग. वहिनींच्या माहेरावर खापर फोडणं बंद करा म्हणावं. हा बदल तुमच्या दोघांतही मिळालेला नाही, रिपोर्टातच लिहिलंय. ड्रॅव्हेच्या बहुतेक मुलांत तो नव्यानेच झालेला असतो. कुणाची करणी नाही, कुणाचा दोष नाही.

फीट आली तर कुशीवर वळव, तोंडात काही घालू नकोस, घड्याळ बघ. पाच मिनिटांच्या वर गेली तर सरळ दवाखाना गाठ. आणि कांदा-चप्पल घेऊन कोण धावलं तर त्याला माझ्याकडे पाठव.

पुढच्या रविवारी ओवीला घेऊन ये. भिंगातून चिलटांचे लाल डोळे दाखवतो. त्यांच्यासाठी मका आणि गुळाचं खाणं शिजवतो आम्ही, वास असा सुटतो की गुऱ्हाळात आल्यासारखं वाटेल. येताना केळी मात्र आणू नकोस, सुटलेली चिलटं दिवसभर घरभर हिंडतात आणि ही माझ्यावर ओरडते.

वहिनींना नमस्कार, ओवीला पापा.

तुझा,
चिलटवाला