ब्लॅकजॅकच्या टेबलावर बसण्याआधी रक्कम ठरवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीनचे पैसे हाती येतात आणि परभणी, लातूर, नांदेडहून मित्रमंडळींच्या गाड्या गोव्याकडे निघतात. त्यांतील अनेकांची एक संध्याकाळ पणजीत मांडवी नदीवरच्या कॅसिनो जहाजावर जाते. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा लागू आहे, १९७६ चा कॅसिनो कायदा कधीच अमलात आला नाही व तो रद्द करण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने २०२३ मध्ये घेतला, आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर केंद्राने २०२५ मध्ये बंदी घातली. जाणाऱ्या सज्ञान माणसाला थांबवण्यासाठी हे पत्र नाही. मात्र गावाकडे तिर्रट खेळलेला माणूस ‘पत्ते तर आपल्याला येतातच’ या भरवशावर ब्लॅकजॅकच्या टेबलावर बसतो, आणि दोन्ही खेळांचे गणित वेगळे असल्यामुळे फसतो, याची मला मनापासून काळजी वाटते.

ब्लॅकजॅकमध्ये समोरच्याला हूल देण्याला काहीही स्थान नाही. शेजारच्या खेळाडूशी आपला सामना नसतो. सामना फक्त डीलरशी, म्हणजे कॅसिनोच्या वतीने पत्ते वाटणाऱ्याशी असतो. दुर्रीपासून दश्शीपर्यंत पत्त्याचे जेवढे अंक तेवढे गुण, गुलाम, राणी, राजा यांचे प्रत्येकी १०, आणि एक्का सोयीप्रमाणे १ किंवा ११. एकवीसच्या पुढे न जाता डीलरपेक्षा जास्त गुण करायचे. डीलरला स्वतःची मर्जी नसते: १६ पर्यंत त्याला पत्ता घ्यावाच लागतो आणि १७ झाले की थांबावे लागते. मग कॅसिनोचा फायदा कुठून येतो, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. तो येतो क्रमातून. पत्ते आधी खेळाडू घेतो. त्याचे गुण एकवीसच्या पुढे गेले की त्याची रक्कम तिथेच जाते, मग नंतर डीलरचेही गुण पुढे गेले तरी ती परत मिळत नाही.

म्हणून केव्हा थांबायचे, हे मनाच्या कौलावर सोडता येत नाही. समजा आपले १२ झाले आहेत आणि डीलरचा उघडा पत्ता छक्की आहे. पुढचा पत्ता दहा गुणांचा आला तर आपण बाद, आणि तसे पत्ते दर १३ मध्ये ४ असतात. उलट छक्कीवरून खेळणारा डीलर शंभरात साधारण ४२ वेळा स्वतःच बाद होतो, त्यामुळे इथे आपण पत्ता न घेणे शहाणपणाचे. पण आपले १६ आणि डीलरची दश्शी असेल, तर १३ पैकी ८ पत्ते आपल्याला बाद करणारे असूनही पत्ता घ्यावा लागतो, कारण थांबल्यास होणारे नुकसान त्याहून किंचित जास्तच आहे. अशा प्रत्येक जोडीचा हिशेब बाल्डविन, कँटी, मायसेल आणि मॅकडर्मॉट या अमेरिकी सैन्यातील चौघांनी साध्या कॅल्क्युलेटरवर आकडेमोड करून मांडला आणि १९५६ मध्ये तो अमेरिकी सांख्यिकी संघटनेच्या नियतकालिकात छापून आला. चांगले नियम असलेल्या टेबलावर त्या पद्धतीने खेळल्यास कॅसिनोचा फायदा लावलेल्या रकमेच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास राहतो. तो शून्य होत नाही, हे पक्के लक्षात ठेवावे.

टेबलावर छापलेली एक ओळ मात्र बसण्यापूर्वी वाचलीच पाहिजे. एक्का आणि दहा गुणांचा पत्ता पहिल्याच दोन पत्त्यांत आला, तर दीडपट मिळते की पाचाला सहा? ५०० रुपयांवर पहिल्या टेबलावर ७५० मिळतात, दुसऱ्यावर ६००. असा हात सरासरी २१ डावांत एकदा येतो, त्यामुळे एवढ्याशा फरकाने कॅसिनोचा फायदा जवळजवळ १.४ टक्क्यांनी वाढतो. पाचाला सहा देणाऱ्या टेबलावर बसूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता रकमेविषयी, कारण खरे नुकसान इथे होते. तासाला ६० डाव आणि प्रत्येकी ५०० रुपये धरले, तर अचूक खेळणाऱ्याचा सरासरी तोटा तासाला १५० रुपयांच्या घरात येतो. ही सरासरी दिलासा देणारी वाटते, पण तासाभरात साडेचार हजारांनी वर किंवा खाली जाणे हीदेखील अगदी नेहमीची गोष्ट आहे. खिशात १० हजार घेऊन ५०० च्या टेबलावर बसणाऱ्याकडे केवळ २० डावांचे पैसे असतात. शिवाय आपले ११ आणि डीलरची छक्की अशी उत्तम संधी आली, की रक्कम दुप्पट करण्यासाठी आणखी ५०० लागतात; ते शिल्लक नसतील तर खेळातला आपला सर्वांत मोठा फायदाच हातचा जातो. त्या संध्याकाळसाठी बाजूला काढलेल्या रकमेचा चाळिसावा ते पन्नासावा भाग एका डावाला लावावा आणि टेबलाची किमान रक्कम त्याहून जास्त असेल तर उठावे. बाजूला काढलेली रक्कमही गेली तरी चालेल अशीच हवी; खते-बियाण्यांची, मुलांच्या शिकवणीची किंवा हातउसनी आणलेली नव्हे. जाणता शेतकरी पहिल्या सरीवर घरातले सगळे बियाणे रानात टाकत नाही, तीच रीत इथे पाळावी.

मोबाइलवरील व्हिडिओंत ‘हरलात की दुप्पट लावा, एकदा जिंकलात की सगळे वसूल’ असे छातीठोकपणे सांगितले जाते. हा हिशेब कागदावर करून पाहावा. ५००, १०००, २०००, ४०००, ८०००, १६,००० असे सहा डाव गेले, की ३१,५०० रुपये गेलेले असतात आणि सातव्या डावाला ३२,००० लावायचे असतात, तेही एकूण ५०० रुपयांच्या कमाईसाठी. हरण्याची शक्यता निम्मी धरली तरी अशी मालिका ६४ पैकी एकदा येते. प्रत्यक्षात बरोबरीचे डाव सोडल्यास खेळाडू निम्म्याहून काहीसे जास्त डाव हरतो, त्यामुळे ती त्याहून लवकर येते. त्यात टेबलाची कमाल मर्यादा २५,००० असेल तर सातवी रक्कम स्वीकारलीच जात नाही. मागचे डाव गेले म्हणून पुढचा आपल्या बाजूने झुकत नाही.

डीलरचा उघडा पत्ता एक्का असताना ‘इन्शुरन्स’ घेण्याविषयी, म्हणजे त्याचा दुसरा पत्ता दहा गुणांचा निघेल यावर वेगळी रक्कम लावण्याविषयी विचारले जाते, तेव्हा नम्रपणे नाही म्हणावे. त्याची भरपाई दुप्पट असते, म्हणजे ती परवडण्यासाठी तीनपैकी एक पत्ता दहा गुणांचा हवा. कॅटमध्ये असे पत्ते ५२ पैकी १६ च असतात.

दहावीच्या गणितात संभाव्यतेच्या प्रकरणात ५२ पत्त्यांची उदाहरणे आहेत आणि आपल्याकडची मुले ती गुणांसाठी बिनचूक सोडवतात. आपल्या रविवारच्या पुरवणीत वरील हिशेब उदाहरणांसह सविस्तर छापावेत, अशी विनंती आहे. हे काम दिवाळीच्या सुट्ट्यांपूर्वी झाल्यास अधिक उपयोगी पडेल.

आपला,
निवृत्त गणित शिक्षक, परभणी