संशय जन्मावरून ठरू नये

संपादक महोदय,

पुणे शहरात किंवा जिल्ह्यात घरफोडीचा तपास लागला की ‘पारधी टोळी जेरबंद’ या धाटणीचे शीर्षक आजही अधूनमधून वाचायला मिळते. इतर समाजांतील आरोपीची जात बातमीच्या शेवटच्या ओळीतही सापडत नाही. या समाजाची मात्र ठळक अक्षरांत छापली जाते. पोलिसांच्या प्रसिद्धिपत्रकात तसे लिहिले होते, हे त्याचे समर्थन होऊ शकत नाही, कारण त्या एका शब्दाने आरोप सिद्ध होण्यापूर्वीच संपूर्ण वस्तीवर ठपका बसतो. आपल्या दैनिकाने तरी हा प्रघात बंद करावा, ही पहिली विनंती.

हा ठपका इंग्रजांनी कायद्याने बसवला. गुन्हेगारी वंशपरंपरेने येते, या वंशवादी समजुतीवर १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा उभा होता. पारधी, कैकाडी, कंजारभाट अशा जमातींवर त्याने हजेरीची सक्ती केली, गाव सोडण्यासाठी परवाना लावला आणि अनेकांना कुंपणाआडच्या वसाहतींत डांबले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो रद्द झाला. पण त्याच्या जागी राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे आले आणि जुनाच संशय नव्या सदराखाली चालू राहिला.

या संशयाची किंमत किती असू शकते, हे आपल्याच राज्यातील एका खटल्याने दाखवून दिले आहे. २००३ साली एका कुटुंबावरील हल्ल्यात पाच जणांची अमानुष हत्या झाली आणि त्या प्रकरणी भटक्या जमातीतील सहा गरीब मजुरांना अटक झाली. बचावलेल्या प्रत्यक्षदर्शी महिलेने पोलिसांनी दाखवलेल्या छायाचित्रांतून चार वेगळ्याच माणसांना ओळखले होते. त्या दिशेने तपास झाला नाही. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. त्याच न्यायालयाने ५ मार्च २०१९ रोजी सर्वांना निर्दोष ठरवले, प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला आणि दोषी तपास अधिकाऱ्यांचा शोध घेण्यास राज्य सरकारला बजावले. निर्दोष ठरलेल्या सहा जणांपैकी एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. सोळा वर्षांचा तुरुंगवास आणि त्यातील दहा वर्षे डोक्यावर टांगलेली फाशी यांची भरपाई पाच लाखांत होते, असे कोणता विवेकी माणूस म्हणेल? शिवाय ज्या कुटुंबाचा संहार झाला, त्यालाही न्याय मिळाला नाही, याकडे आपण सहसा लक्ष देत नाही.

२०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नावर दोनदा स्पष्ट भूमिका घेतली. मे महिन्यात त्याने हिस्ट्रीशीटमध्ये, म्हणजे पोलीस ठाण्यातील सराईत गुन्हेगारांच्या नोंदीत, केवळ वंचित समाजात जन्मल्यामुळे निरपराधांची नावे चढू नयेत, असे बजावून सर्व राज्यांना आपल्या धोरणाचा फेरविचार करण्यास सांगितले. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर ३ ऑक्टोबर रोजी दिलेल्या निकालात कारागृहांतील जातीनिहाय कामवाटप घटनाबाह्य ठरले, कैद्यांच्या नोंदवहीतील जातीचा रकाना काढून टाकण्याचा आदेश झाला आणि विमुक्त जमातींच्या, म्हणजे पूर्वी गुन्हेगार ठरवलेल्या जमातींच्या, लोकांना मनमानीने अटक होऊ नये, असेही पोलिसांना सांगण्यात आले. येरवडा मध्यवर्ती कारागृहात या आदेशाची अंमलबजावणी कितपत झाली, आणि पुणे शहर व ग्रामीण पोलिसांनी आपल्या हिस्ट्रीशीट तपासून किती नावे वगळली, हे दोन्ही विभागांनी जाहीर करावे. त्यात गोपनीय असे काहीही नाही.

जामिनाचा प्रश्न याहून बिकट आहे. २०२२ च्या राष्ट्रीय आकडेवारीनुसार देशातील दर चार कैद्यांपैकी तीन कच्चे कैदी, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेले, होते. ज्या कुटुंबाकडे सातबारा नाही, रेशनकार्ड नाही आणि पक्का पत्ताही नाही, त्याला जामीनदार कोण राहणार? केंद्र सरकारच्या गरीब कैदी साहाय्य योजनेतून कच्च्या कैद्याला जामिनासाठी आर्थिक मदत मिळू शकते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने ही माहिती बराकीत आणि पालांवर जाऊन द्यायला हवी, कार्यालयात फलक लावून ती पोहोचत नाही.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ ने पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याला कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ तुरुंगात काढल्यावर जामिनावर सोडण्याची तरतूद केली, तिचे स्वागतच आहे. परंतु एकाहून अधिक गुन्हे किंवा खटले प्रलंबित असलेल्याला याच कलमाने या सवलतीतून वगळले आहे. एकदा पकडलेल्या पारध्याच्या नावावर उघडकीस न आलेल्या आणखी चार चोऱ्या चढवल्या की त्याच्यासाठी ही तरतूद कागदावरच राहते. म्हणून संसदेने हे अपवादाचे पोटकलम रद्द करावे आणि तोवर, केवळ नावावर खटले अनेक आहेत एवढ्याच कारणाने नियमित जामीन नाकारण्यापूर्वी, प्रत्येक गुन्ह्यात स्वतंत्र पुरावा आहे की नाही, हे न्यायालयांनी पाहावे, अशी माझी कळकळीची मागणी आहे.

आपला,
एक वाचक, पुणे