लेखनकौशल्याची परीक्षा, पण लिहायचे काहीच नाही! : उच्च शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० नंतर तीन वर्षांच्या पदवीच्या १२० श्रेयांकांपैकी (क्रेडिट्सपैकी) किमान ८ श्रेयांक भाषा व संवादकौशल्यासाठी राखले गेले, तेव्हा आम्हा भाषाशिक्षकांना आनंद झाला होता. मुले आता लिहू लागतील आणि नोकरीच्या दारात अडखळणार नाहीत, असे आम्हाला सांगण्यात आले. गेल्या आठवड्यात आमच्या विद्यापीठाचे परिपत्रक आले की लेखनकौशल्याची सत्रान्त परीक्षा यापुढे बहुपर्यायी असेल. 'नोकरीच्या अर्जाचा समारोप कसा करावा?' या प्रश्नाखालच्या चार गोलांपैकी एक मुलाने रंगवायचा. अर्ज लिहिण्याची तसदी त्याला नको! निकाल वेळेत लागतील, हे त्यामागचे कारण. निकाल वेळेत लागतीलच, याबद्दल आपले अभिनंदन.

माझ्या एका हुशार विद्यार्थ्याने नोकरीसाठी पाठवलेला ई-मेल मी पाहिला. विषयाची जागा कोरी, मजकुरात 'सर बायोडाटा पाठवला आहे' एवढेच आणि जोडलेल्या फाइलचे नाव 'फायनल नवीन ३'. वस्तुनिष्ठ चाचणीत याच मुलाला ५० पैकी ४६ गुण आहेत.

लेखन सुधारते ते पहिला खर्डा कोणीतरी वाचून, खुणा करून परत दिल्यावर, दुसऱ्या खर्ड्यात. वर्गात १२० मुले आणि प्रत्येकाच्या दोन पानी अहवालाला १० मिनिटे धरली, तरी एका फेरीला २० तास लागतात. २ श्रेयांकांच्या विषयाला अध्यापनाचे तासच मुळी ३० असतात. मी तासिका तत्त्वावर शिकवतो, म्हणजे वर्गात उभा राहिलेल्या तासाचेच मानधन मिळते आणि तेही सत्र उलटून गेल्यावर. रात्री जागून तपासलेल्या वह्या कोणत्याच देयकात बसत नाहीत. आमच्यासारख्या महाविद्यालयांत निम्म्याहून अधिक तास असेच शिक्षक घेत असावेत. खरा आकडा आपल्या विभागाकडे असेलच, तो एकदा जाहीर करावा.

शाळेत निबंध पाठ, महाविद्यालयात प्रयोगवही उतरवलेली, शेवटच्या वर्षी प्रकल्प विकतचा, अशी सारी व्यवस्था मुलाला स्वतःचे एकही वाक्य लिहू न देता पदवीपर्यंत सुखरूप पोहोचवते. मग उद्योजक व्यासपीठावरून पदवीधर कामाचे नाहीत म्हणतात, आपण मान डोलावता आणि आणखी एका सामंजस्य करारावर सही होते.

प्रत्येक सत्रात निदान दोन लेखी कामे तपासून परत देणे आणि मुलांकडून ती पुन्हा लिहून घेणे सक्तीचे करावे, तपासणीचे तास कार्यभारात धरून त्यांचे मानधन द्यावे आणि हे परिपत्रक मागे घ्यायला लावावे. हे याच सत्राचे परीक्षा अर्ज भरण्यापूर्वी व्हावे. 'अंमलबजावणी पुढील शैक्षणिक वर्षापासून' हे वाक्य आम्ही पुष्कळदा वाचले आहे.

आपला,
तासिका तत्त्वावरील एक भाषाशिक्षक