जुन्या बाजारातला फॅन आणि बोस्टनचा 34 नंबर

ती. बाबा,
सा. न.

दादाचा मेसेज आला की तुमचा तो टेबलफॅन भंगारवाल्याला द्यायचं चाललंय आणि तुम्ही तोंड फुगवून बसलाय. थांबा, इतक्यात देऊ नका. आणि हे पत्र आईला मोठ्याने वाचून दाखवा.

परवा ऑफिसच्या लोकांबरोबर फेनवे पार्कला बेसबॉलची मॅच बघायला गेले होते, बोस्टनच्या टीमची, रेड सॉक्सची. 1912 चं मैदान आहे, काही खुर्च्या अजून लाकडी आणि इतक्या अरुंद की मला लाल डब्यातली तीन जणांची सीट आठवली. खेळ मला निम्माच कळतो, पिचर म्हणजे आपला बोलर पण टप्पा पाडायचा नाही, एवढ्यावर चालवते. शेजारी आमच्या ऑफिसातले एक वयस्कर गृहस्थ होते, त्यांनी मॅच कमी आणि जुन्या गोष्टीच जास्त सांगितल्या, मग घरी येऊन मी रात्री दोनपर्यंत वाचत बसले.

आधी ह्या रेड सॉक्सवाल्यांचं पाप ऐका. बेब रूथ, बेसबॉलमधला मोठा खेळाडू, मूळचा ह्यांचा. तो असताना 1915, 1916, 1918 अशा तीन वर्ल्ड सिरीज (म्हणजे इथली वर्षाची फायनल) जिंकल्या आणि 1919 च्या डिसेंबरात मालकाने त्याला एक लाख डॉलरला न्यूयॉर्कच्या यांकीजना विकून टाकला, म्हणजे शत्रूच्याच घरात नेऊन दिला. पुढची वर्ल्ड सिरीज डायरेक्ट 2004 ला. 86 वर्षं! लोक शापच म्हणायचे त्याला. मला विचाराल तर शाप वगैरे काही नाही, 1945 मध्ये जॅकी रॉबिन्सन ह्याच मैदानावर ट्रायल देऊन गेला आणि ह्यांनी घेतला नाही, गोरा नव्हता ना. दोन वर्षांनी तो ब्रुकलिनच्या टीमकडून उतरला आणि पहिल्याच सीझनला गाजला, आणि ह्यांच्याकडे पहिला काळा खेळाडू यायला 1959 उजाडलं, सगळ्या टीम्सच्या शेवटी. मैदानात उजवीकडे वर मोठ्या खेळाडूंचे नंबर लावलेत, सगळे लाल, त्यात 42 एकटाच निळा, तो रॉबिन्सनचा, आता सगळ्याच टीम्सनी तो मानाने बाजूला ठेवलाय. शेजारच्या त्या काकांनी त्याच्याकडे बोट दाखवलं, फुकटात मिळत होता म्हणाले, आणि पुढे बराच वेळ शेंगाच सोलत बसले.

आता त्याच रांगेतला 34. डेव्हिड ऑर्टिझ, डॉमिनिकन रिपब्लिकचा, धिप्पाड. 2002 च्या डिसेंबरात मिनेसोटाच्या टीमने त्याला चक्क सोडून दिला, बदल्यात कोणी घ्यायलाही तयार नव्हतं. आपल्याकडे ऑक्शनमध्ये बेस प्राइसलाही कोणी हात वर करत नाही ना, तसं. त्याचा गाववाला पेद्रो मार्टिनेझ बोस्टनचा पिचर होता, त्याने इथे शब्द टाकला, आणि साडेबारा लाख डॉलरला घेतला, ह्यांच्या हिशोबात हे चिल्लर. 2004 ला यांकीजविरुद्ध 0-3 ने मागे, अजून एक हरले की खेळ खलास, तर ह्याने चौथी मॅच बाराव्या इनिंगला (नऊ असतात, बरोबरी झाली की पुढे चालू) होमरन, म्हणजे आपला सिक्सर, मारून काढली आणि पाचवी चौदाव्या इनिंगला. तिथून चारही जिंकून पुढे वर्ल्ड सिरीजही मारली. बोस्टनसाठी 483 होमरन्स आणि तीन वर्ल्ड सिरीज, बाबा, दुसऱ्याने टाकून दिलेला माणूस!

पण माझा लाडका टिम वेकफील्ड, हाही पिचर. पिट्सबर्गच्या टीमने ह्याला बॅटिंगसाठी घेतलेला, ती जमेना, म्हणून नकलबॉल टाकायला लागला. बाकीचे ताशी 150 किमीने टाकतात, हा जेमतेम 105 ने, पण चेंडू जवळजवळ फिरतच नाही (तुमच्या फॅनसारखा), त्यामुळे हवेत कुठे वळेल ते टाकणाऱ्यालाही माहीत नसतं. 1995 ला पिट्सबर्गनेही काढून टाकला, आठवड्याच्या आत बोस्टनने उचलला आणि 17 सीझन वापरला, 186 मॅच जिंकून दिल्या त्याने. त्याचा चेंडू पकडणं म्हणजे दुसरं दिव्य. डग मिराबेली नावाचा कॅचर (आपला विकेटकीपर) होता, त्याला ते जमायचं, तर ह्या शहाण्यांनी त्याला सॅन डिएगोच्या टीमला देऊन टाकला. नव्या कॅचरच्या हातून सारखे चेंडू सुटायला लागले, मग 2006 च्या मे मध्ये मिराबेलीला परत आणला, तोही मॅचच्या दिवशीच, एअरपोर्टवरून पोलिसांच्या गाडीतून सायरन वाजवत, आणि कपडे गाडीतच बदलत आला तो. आई, ऐकतेयस ना? आधी देऊन टाकायचं आणि मग पोलिसांच्या गाडीतून परत आणायचं.

वेकफील्ड 2023 ला गेला, 57 वर्षांचा होता फक्त.

तर दादाला सांगा फॅन माळ्यावर ठेव. नुसता कपॅसिटर गेला असणार. डिसेंबरात आले की आपण दोघं रविवारी जुन्या बाजारात जाऊन बघू, आणि आईला सांगायचं मंडईत चाललोय.

तुमची,
चिऊ