सव्वाशे किलोंचा डावखुरा

कॅरी, नॉर्थ कॅरोलिना
१६ मार्च २०२५

प्रिय बंड्या,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. साडेसहा मिनिटांचा! त्यातली चार मिनिटं तुझ्या एन.बी.ए.तला, म्हणजे व्यावसायिक बास्केटबॉलमधला, डॉन्चिच लेकर्सच्या जर्सीत कसा शोभतो यावर, आणि उरलेल्या अडीच मिनिटांत मला शिव्या. "कॉलेजची पोरं काय बघत बसतोस, त्यांचे फ्री थ्रोसुद्धा धड पडत नाहीत." फोनवर उत्तर द्यायला गेलो तर भांडण होईल आणि त्यात तू जिंकशील, म्हणून लिहितोय.

आज इथे सिलेक्शन संडे. संध्याकाळी सहाला कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेतल्या ६८ टीमांची यादी टीव्हीवर जाहीर होईल आणि उद्यापासून अख्खं ऑफिस कोण कोणाला हरवणार याचे तक्ते भरत बसेल. आमच्या एन. सी. स्टेटचं, म्हणजे नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठाचं, नाव यादीत नसणार. यंदा १२ जिंकल्या, १९ हरलो. आमच्या कॉन्फरन्समध्ये, म्हणजे कॉलेजांच्या गटात, १८ टीम आहेत, त्यातल्या १५ जणींना कॉन्फरन्सच्या स्पर्धेत घेतात. आम्ही त्या पंधरातसुद्धा बसलो नाही. गेल्या रविवारी कोचला नारळ दिला. आणि मागच्या वर्षी याच तारखेला, १६ मार्चला, याच कोचच्या टीमने तीच स्पर्धा जिंकली होती, १९८७ नंतर पहिल्यांदा. त्या दिवशी मी रडलो होतो. तुला हे सांगितलं नव्हतं, कारण तू ग्रुपवर टाकलं असतंस.

तू म्हणशील, "आम्ही आम्ही" काय करतोस, तुझं काय नातं? लेक तिथे शिकते, फी मी भरतो, एवढं नातं पुरे. शिवाय या भागात कुठली तरी बाजू घ्यावीच लागते. अर्ध्या-पाऊण तासाच्या परिसरात तीन विद्यापीठं. ड्यूकवाल्यांकडे पैसा, ऐट आणि पाच विजेतेपदं. चॅपल हिलच्या कॅरोलिनाकडे मायकल जॉर्डन. १९८२ च्या फायनलमध्ये पहिल्या वर्षाला असताना त्याने टाकलेली ती बास्केट भिंतीभिंतीवर लावलेली आहे. आणि स्टेट म्हणजे शेतकी आणि इंजिनिअरिंगवाल्यांचं, लाल टी-शर्टचं, १९८३ नंतर एकही राष्ट्रीय विजेतेपद नसलेलं. आपल्यासारख्यांनी कुठे जायचं ते ठरलेलंच होतं.

तर गेल्या वर्षीचं ऐक. लागोपाठ चार मॅच हरून टीम कॉन्फरन्सच्या स्पर्धेत उतरली. दहावं मानांकन. विजेतेपदासाठी पाच दिवसांत पाच मॅच जिंकायच्या. लुईव्हिल, सिरॅक्यूज, मग ड्यूक. शुक्रवारी रात्री उशिरा व्हर्जिनियाशी सेमीफायनल. आम्ही तीन पॉइंटने मागे, पाचेक सेकंद बाकी, आणि त्यांचा चांगला शूटर फ्री थ्रोला उभा. मी म्हटलं, संपलं. टीव्ही बंद केला आणि दात घासायला गेलो.

तोंडात फेस असताना लेकीचा फोन. "बाबा, बघितलंस?" मागे होस्टेलमध्ये नुसता कल्ला. कॉलेजमध्ये अजून ती 'वन अँड वन'ची भानगड आहे ना, पहिला फ्री थ्रो हुकला तर दुसरा मिळतच नाही. त्याचा पहिलाच हुकला. आमचा ओ'कॉनेल बॉल घेऊन पळत सुटला आणि तीन पॉइंटच्या रेषेबाहेरून जमेल तसा भिरकावला. बॉल बोर्डावर लागून, रिंगवर नाचून आत. बझर, बरोबरी, ओव्हरटाइम. तो शॉट नंतर मी शंभर वेळा तरी पाहिला असेल. पण घडला तेव्हा मी बेसिनपाशी होतो, हे काही बदलत नाही. आता कितीही मागे असलो तरी टीव्ही बंद करत नाही. ही वैतागते.

पण मला खरं बोलायचंय ते डी. जे. बर्न्सबद्दल. उंची सहा फूट नऊ इंच, वजन कागदावर सव्वाशे किलो, डावखुरा. पळताना बघितलास तर म्हणशील, याला कोणी घेतला? पण बास्केटपासून आठ-दहा फुटांवर त्याच्या हातात बॉल आला की बघत राहावं. पाठ लावायची, एक धक्का, दुसरा धक्का, समोरचा हळूहळू मागे सरकतोय. मग खांदा उजवीकडे झुकवून हूल द्यायची आणि डाव्या हाताने बॉल असा अलगद सोडायचा, की जणू देवाला फूल वाहतोय. आणि वर हसायचं! कॉन्फरन्स जिंकून आम्ही राष्ट्रीय स्पर्धेत गेलो. तिथे पुन्हा ड्यूकविरुद्ध, फायनल फोरच्या, म्हणजे शेवटच्या चार टीमांच्या, दारात, आम्ही हाफटाइमला सहाने मागे होतो. त्या मॅचमध्ये या बाबाने २९ पॉइंट काढले आणि ७६-६४ ने ड्यूक घरी. कॅम्पसवरचा बेलटॉवर जिंकल्यावर लाल उजळतो. त्या रात्री पोरंपोरी तिकडेच धावली. लेकीने पाठवलेल्या व्हिडिओत टॉवर कमी आणि डोकीच जास्त.

पुढच्या आठवड्यात पर्ड्यू विद्यापीठाच्या सात फूट चार इंची झॅक ईडीने आमचा बाजार उठवला, ६३-५०. त्यावर जास्त लिहीत नाही.

जूनमध्ये एन.बी.ए.चा ड्राफ्ट झाला, टीम नवी पोरं निवडतात तो. ईडी नवव्या नंबरवर गेला. बर्न्सला कोणीच घेतलं नाही.

आता तू लगेच तुमच्या एन.बी.ए.तल्या योकिचचं नाव काढशील. तोही थुलथुलीत, तोही ४१ व्या नंबरवर. बाबा रे, योकिचला अख्खं कोर्ट दिसतं, आणि तो जवळजवळ सात फूट आहे. बर्न्सची अडचण बॉल आपल्या हातात असताना नव्हती, समोरच्याच्या हातात असताना होती. एन.बी.ए.त बचाव करणाऱ्याला नुसतं बास्केटखाली उभं राहता येत नाही. कोणाला अडवत नसशील तर तीन सेकंदांत बाहेर हो. कॉलेजात हा नियम नाही, ठाण मांडून बस. त्यात तुमची तीनची रेषा लांब आणि शॉट क्लॉक, म्हणजे बॉल टाकायची मुदत, २४ सेकंदांचा, इथे ३०. तिकडे दर वेळी बर्न्सला मुद्दाम बाहेर ओढून एखाद्या चपळ गार्डसमोर उभा केला असता आणि पार धुतला असता. म्हणजे तुमचे लोक चुकले असं मी म्हणतच नाही. तुमचा खेळ शंभर पटीने चांगला आहे, मान्य. पण तो इतका गाळून घेतलेला आहे, की त्यात एकच एक गोष्ट झकास येणाऱ्या माणसाला जागा उरलेली नाही. इथे आहे. मला तेच बघायला आवडतं.

आता माझ्याच विरुद्धचा मुद्दा सांगतो, म्हणजे तुला शोधत बसायला नको. मी इथल्या प्रत्येकाजवळ रडतो, की पूर्वी पोरगं चार वर्षं डोळ्यांसमोर वाढायचं, आता कॉलेज बदलायच्या त्या ट्रान्सफर पोर्टलमुळे दर वर्षी नवे चेहरे. २०२१ पासून पोरांना नाव आणि चेहरा वापरू देण्याचे पैसे घेता येतात, तेव्हापासून तर विचारूच नकोस. (पैसे मिळावेतच. इतकी वर्षं कोचने कोटींत कमवायचं आणि पोरांनी फुकट खेळायचं, ही लबाडीच होती.) पण बर्न्स आला कुठून? आधी टेनेसी, मग विन्थ्रॉप, मग आमच्याकडे. आणि ओ'कॉनेल स्टॅनफर्डहून. ज्या पोर्टलच्या नावाने मी बोटं मोडतो, त्यानेच मला तो मार्च दिला. ऑफिसातल्या ड्यूकवाल्याला विचार, कूपर फ्लॅगला 'आमचा कूपर' म्हणतो. अठरा वर्षांचं पोरगं, यंदाचा सीझन खेळेल आणि तुमच्याकडे येईल. आठ महिन्यांचा 'आमचा'.

तू मात्र यावर हसू नकोस. डॉन्चिच डॅलसचा देव होता, एका रात्रीत त्याला लेकर्सला देऊन टाकला. बातमी आली तेव्हा तुझ्याकडे रविवारची सकाळ होती आणि तू पोहे टाकून मला फोन केलास. नाचत होतास. डॅलसमध्ये त्या वेळी कोणीतरी बेसिनपाशी उभं असेल, एवढं तरी मनात आलं का तुझ्या?

आणखी एक. आपल्या सिमेंटच्या कोर्टावर, जाळी नसलेल्या रिंगखाली, पाठ लावून आम्हा सगळ्यांना ढकलत नेणारा एक जाड्या होता. पळायला सांगितलं की चप्पल तुटल्याचं सोंग करायचा. आंतरमहाविद्यालयीनच्या टीममध्ये सरांनी त्याला घेतलं नाही, आणि कारण दिलं 'डिफेन्सला हलत नाही'. नाव सांगायला हवं का? तू कॉलेजच्या बास्केटबॉलला नावं ठेवतोस तेव्हा मला आधी त्याचा तो खांदा आठवतो. उजवीकडे हूल आणि डावीकडून बॉल. मी कधीच अडवू शकलो नाही.

वहिनींना नमस्कार. गुडघ्याची एम.आर.आय. केलीस का ते कळव.

तुझा,
सुध्या

ता. क. यादी लागली. कॅरोलिना आत आली, तीही अगदी उंबरठ्यावरून, आधी एक जादा मॅच खेळायच्या अटीवर. निवड समितीचा अध्यक्ष त्यांचाच अ‍ॅथलेटिक डायरेक्टर, म्हणजे क्रीडाप्रमुख. त्यांच्यावर चर्चा चालू असताना तो खोलीबाहेर होता म्हणे. असेल. लेक फोनवर नुसती ओरडतेय, आणि मलाही आता तिच्याबरोबर ओरडायचंय.