अण्णांची गाडी

प्रिय मंद्या,

तुझ्या दोन पत्रांना उत्तर दिलं नाही, रागावला असशील. तब्येत ठीक, बीपीची गोळी चालू. पौड फाट्यावर गाडी चालवताना अण्णांना स्कूटरवाला दिसलाच नाही, हे काल वहिनींकडून कळलं आणि राहवेना.

मोतीबिंदू काढलाय, सिक्स बाय सिक्स दिसतं, तरी स्कूटरवाला दिसला कसा नाही, असं अण्णा विचारतात म्हणे. अरे, तक्त्यावरचं अक्षर एकटं असतं, स्थिर असतं, वाचायला हवा तेवढा वेळ असतो. चौकात यातलं काहीच नसतं. बारीकसारीक स्पष्ट दिसतं ते नजरेच्या मधल्या जेमतेम दोन अंशांत. समोरच्या ट्रककडे बघताना कडेचं किती टिपलं जातं, ते मेंदूच्या वेगावर ठरतं. एका नजरेत टिपता येणारी ही कक्षा वयाबरोबर आक्रसते, पण सगळ्यांची सारखी नाही. अमेरिकेत ओस्ली, बॉल वगैरे संशोधकांनी १९९८ साली दाखवलं: ज्या वयस्कांची कक्षा ४० टक्के किंवा जास्त घटली होती, त्यांना पुढच्या तीन वर्षांत अपघाताचा धोका २.२ पट होता.

केतकी गाडी शिकतेय, तिची अडचण वेगळी. नवशिक्याची नजर बोनेटच्या पुढ्यात खिळते, आरसे राहून जातात. ते सरावाने सुटतं. अण्णांना कुठे बघायचं ते पक्कं ठाऊक आहे, दोन गोष्टी एकदम आल्या की वेळ लागतो. म्हणून नुसतं ‘हळू चालवा’ सांगून भागणार नाही.

रविवारी शेजारी बस. गप्प राहा. उजव्या वळणावर बघ: बस लगेच दिसते पण दुचाकी उशिरा? ब्रेक दरवेळी शेवटच्या क्षणी? मग रिकाम्या रस्त्यावर दिसेल ते मोठ्याने बोलायला सांग. गर्दीत नको, बोलण्यातच लक्ष जाईल. साठच्या वेगात सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जातात, म्हणून दिसायला झालेला थोडा उशीरही महागात पडतो. उजवं वळण फक्त बाणाचा सिग्नल असेल तिथेच घ्यायचं, संध्याकाळची गर्दी टाळायची, रेडिओ बंद.

फोनही बंद. महाबळेश्वरच्या वाटेवर ‘हात मोकळे आहेत ना’ म्हणून भांडला होतास, आठवतं? स्ट्रेयर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांच्या २००३ च्या प्रयोगात हँड्सफ्रीवर बोलणाऱ्यांची नजर फलकांवर पडली होती, तरी नंतर ते त्यांना कमी ओळखता आले. हात मोकळे असले तरी फोन नको, मी अजून त्याच मतावर आहे.

नव्या घराचं अभिनंदन, वहिनींच्या बढतीचंही. अण्णांकडून किल्ली एवढ्यात काढून घेऊ नकोस. रविवारचं सविस्तर लिही, मग ठरवू.

तुझा,
शिऱ्या