आधी म्हशीला ढकला

कोल्हापूर, ऑगस्टचा दुसरा रविवार, रात्री

ती. बाबा आणि प्रिय आई,

सप्रेम सलाम.

रोज फोनवर बोलतो, मग पत्र कशाला, असं आई म्हणणार. फोनवर बाबांना नीट ऐकू येत नाही, म्हणून ताई स्पीकर लावते आणि मग सगळं घर ऐकतं. मला जे सांगायचंय ते सगळ्या घराला सांगायचं नाही. आई, ताई ऑफिसला गेली की तू हे बाबांना वाचून दाखव. चष्मा लावून वाच, उगाच अंदाजानं वाचू नकोस.

आधी पावसाचं, कारण बाबा पहिलं तेच विचारणार. गेल्या शनिवारी रात्री राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी ३९ फुटांवर गेलं. ४३ ला धोक्याची पातळी, म्हणजे मध्ये चारच फूट. राधानगरी धरणाचे दरवाजे उघडले की इथं कसं होतं तुम्हाला ठाऊक आहे. चहाच्या गाड्यावर, चर्चच्या पायरीवर, जो तो विचारतो, "किती उघडले?" जणू सातही दरवाज्यांच्या किल्ल्या आपल्याच कमरेला आहेत. आपल्याकडे पाणी आलं नाही. तरी तुमच्या सुनेनं धान्याचे डबे माळ्यावर चढवलेत. २०१९ तिच्या डोक्यातून जात नाही. माझ्याही जात नाही. गाळ काढून काढून हात सोलले होते, आणि मी चिडून म्हणालो होतो की आपण तर वचनातल्या शहाण्या माणसासारखं घर खडकावर बांधलं होतं, वाळूवर बांधणाऱ्या मूर्खासारखं नाही, मग पाणी आलंच कसं? तेव्हा आई परातीतल्या पिठावरची नजर न उचलता म्हणाली होती, "पाऊस दोघांच्या घरावर पडला होता बाबा. नीट वाच." आणि चर्चच्या हॉलमध्ये झोपलेल्या लोकांसाठी पुढची भाकरी थापायला घेतली होती. बाबा, तुमच्या सगळ्या धड्यांपेक्षा हे एक वाक्य माझ्या जास्त लक्षात राहिलंय. रागावू नका.

तुमच्या धड्यांचं आता कबूलच करून टाकतो. रात्री जेवायला बसल्यावर तुम्ही विचारायचात, "आज प्रभूनं काय दाखवलं?" आणि प्रत्येकानं दिवसभरातली एक गोष्ट सांगायची. काहीतरी सांगावंच लागायचं. मी बहुतेक वेळा थापा मारायचो. रोजच्या रोज प्रभू मला कुठला काय दाखवणार? शाळा, गल्लीतलं क्रिकेट आणि रंकाळ्यावर भटकणं, यापलीकडं माझं आयुष्य नव्हतं. म्हणून मी रस्त्यानं येतानाच जुळवून ठेवायचो. पाल भिंतीला चिकटते तसं आपण प्रभूला चिकटून राहावं, हे सांगितलं त्या दिवशी ताईच्या नाकातून पाणी आलं होतं. तुम्ही मात्र गंभीरपणे मान हलवलीत आणि म्हणालात, "बरं आहे. पण पालीची शेपटी तुटते, त्याचं काय?" मला तेव्हाही कळलं नाही की तुम्ही थट्टा करताय की खरंच विचारताय.

आता माझ्या मोबाइलवर रोज सकाळी सहाला असे पाच-सात धडे येऊन पडतात, सूर्योदयाच्या फोटोवर छापलेले. कोळसा दाबला की हिरा होतो, चहा उकळला की रंग येतो. मी न वाचता पुढं सरकवतो. प्रत्येक वस्तू पिळून तिच्यातून प्रभूला बाहेर काढायचं हे मला कधी जमलंच नाही. जे दिसलं ते मी शोधत नसताना दिसलंय, आणि बहुतेक वेळा ते दिसू नये अशीच माझी इच्छा होती.

म्हणजे गेल्या महिन्यातलं प्रकरण.

बाबा, तुम्ही फाउंड्रीत मोल्डिंगला होता, तुम्हाला फोड करून सांगायला नको. आई, तुझ्यासाठी सांगतो. साच्याच्या वाळूत पाणी साधारण तीन-चार टक्केच लागतं. त्याहून वाढलं तर वर १,४०० डिग्रीच्या आसपासचा लोखंडाचा रस पडताक्षणी त्या पाण्याची वाफ होते. तिला बाहेर पडायला जागा मिळाली नाही की ती लोखंडात अडकते आणि थंड झाल्यावर आत पोकळी राहते. त्याला ब्लो होल म्हणतात. वरून कास्टिंग कसं दिसतं म्हणशील तर दृष्ट लागावी असं. पॉलिश केलेल्या माणसासारखं. मशीनवर चढवून दोन मिलिमीटर सोललं की मग भोकं दिसतात. तोवर माल दुसऱ्याच्या दारात गेलेला असतो.

पावसाळ्यात वाळू जास्त सांभाळावी लागते. बाबा मूठ आवळून बघायचे. गोळ्यावर बोटांचे ठसे उमटले पाहिजेत, आणि मोडला तर मधोमध स्वच्छ तुटला पाहिजे. आता त्यासाठी छोटं यंत्र आहे, कालवलेल्या वाळूच्या दर घाण्याला नमुना घेऊन आकडा वहीत लिहायचा. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात पंपाच्या केसिंगची ऑर्डर अंगावर आली होती. गाडी रात्रीच सुटायची होती. वाळू कालवायच्या मिक्सरवरचे मामा मला म्हणाले, "सायेब, वाळू वली लागतीया हाताला. जरा बगूया का?" मी म्हणालो, "मामा, वेळ नाही. चालू द्या." नमुना घेतला नाही. वहीत मात्र मी आकडा लिहिला, आदल्या दिवसाचाच.

साठातले बेचाळीस नग परत आले.

मीटिंगमध्ये विचारणा झाली. मी म्हणालो, "मिक्सरवर पाणी जास्त पडलं." बाबा, यातला शब्दन् शब्द खरा आहे. पाणी मिक्सरवरच पडतं आणि ते जास्तच होतं. चोरी करू नको ही आठवी आज्ञा, खोटी साक्ष देऊ नको ही नववी, दोन्ही मी तपासून बघितल्या, वाक्य कुठंच अडकत नव्हतं. मामा ठेकेदाराचे माणूस. त्यांच्या नावानं कागद निघाला आणि त्यांना सहा दिवस घरी बसवलं. सहा खाडे. सातव्या दिवशी ते आले तेव्हा माझ्याकडं बघून नेहमीसारखंच "नमस्कार सायेब" म्हणाले. ते 'नेहमीसारखं' मला फार लागलं. दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

घरी कुणाला बोललो नाही. पोरगीनं मात्र त्याच आठवड्यात जेवताना विचारलं, "पप्पा, आजोबा तुम्हाला रोज विचारायचे ना, मग आज काय दाखवलं सांगा." ती हे ताईकडून शिकून आली असणार. मी म्हणालो, भात गार होतोय, खा.

मग गेल्या रविवारी, ऑगस्टच्या पहिल्या रविवारी, प्रभुभोजन होतं. पाळकसाहेबांनी मत्तयाचा पाचवा अध्याय काढला. वेदीपाशी दान घेऊन आलास आणि तिथं आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथंच ठेव आणि आधी जाऊन समेट कर, ते वचन. शंभरदा ऐकलंय. पण त्यात एक गोष्ट मी कधी पाहिलीच नव्हती. तुझ्या मनात भावाविरुद्ध काही असलं तर, असं तिथं नाहीच. भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध असलं तर, असं आहे. माझं मन स्वच्छ असण्याचा तिथं संबंधच नाही.

दानाचं पाकीट मी बाकावर ठेवलं आणि उठलो. अगदी शब्दशः. तुमच्या सुनेनं डोळे मोठे केले, मग पाकीट उचलून पर्समध्ये घातलं. बाहेर धो धो पाऊस. गाडी काढली आणि शिवाजी पूल ओलांडून आंबेवाडीला गेलो, कारण मामा तिथले. पुलावर माणसं छत्र्या घेऊन पाणी बघायला उभी होती, जत्रेला आल्यासारखी. नदी पुलाखालून लालभडक, फुगून चाललेली. रेडे डोहापाशी नदीचं पाणी फुटलं की तिकडचा रस्ता जातो, म्हणून गावात सगळ्यांची घाई चालली होती. २०१९ आणि २०२१ पाहिलेली माणसं आता सरकारच्या सांगण्याची वाट बघत नाहीत.

मामा दारातच होते. टेम्पो लावलेला, फळी टाकलेली, आणि दोन म्हशींपैकी एक चढली होती. दुसरी काही केल्या फळीवर पाय ठेवत नव्हती. मी पांढरा शर्ट, चर्चचे बूट, हातात कापडी पिशवीत बायबल, असा चिखलात उभा. वाटेत बोलायचं सगळं जुळवून ठेवलं होतं, लहानपणीच्या धड्यासारखंच. म्हणालो, "मामा, मला तुमच्याशी बोलायचंय. त्या दिवशी वाळूचं..."

मामा म्हणाले, "सायेब, ते मागनं बोलू. आदी ह्या म्हशीला मागनं ढकला."

मग ढकललं. पिशवी त्यांच्या नातवाच्या हातात दिली आणि खांदा लावला. आई, पुढचं वर्णन करत नाही. बूट आता घालण्याजोगे राहिले नाहीत आणि शर्ट तुमच्या सुनेनं दोनदा भिजत घातला. चौथ्या झटक्याला म्हैस चढली. टेम्पो उंचावरच्या पाव्हण्यांकडं निघाला, तेव्हा मामांनी मला ओसरीवर बसवलं आणि मामींनी चहा आणला. त्या घाईतही.

तिथं मी सांगितलं. जुळवलेलं सगळं विसरलो होतो. "चूक माझी होती, नाव तुमचं घेतलं." एवढंच. मामा म्हणाले, "मला ठावं हुतं की." मी सहा दिवसांच्या मजुरीचे पैसे पुढं केले. खरं सांगतो, माझ्या मनात असं होतं की ते नको म्हणतील, मी आग्रह करीन, दोघांचे डोळे भरून येतील. मामांनी पैसे घेतले. मोजून घेतले. बरोबर आहेत म्हणाले. आणि मग विचारलं, "हे सा दिसांचं झालं. पर कागदाचं काय?"

बायबलातल्या जक्कयानं फसवून घेतलेलं चौपट परत केलं होतं. मी एकपट देऊन कृतज्ञतेची वाट बघत बसलो होतो.

कागद ठेकेदाराच्या फायलीत आहे. पुढच्या वेळी माणसं कमी करायची झाली की तो वर येणार. सोमवारी मी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो आणि सगळं सांगितलं, वहीतल्या आकड्यासकट. साहेब म्हणाले, झालं गेलं, आता कशाला उकरता. मी लेखी दिलं. त्यावर ते जे बोलले ते इथं लिहीत नाही. यंदाच्या पगारवाढीचं मनात धरू नका एवढं समजा. मामांचा कागद रद्द झाला का, ते अजून मला कुणी सांगितलेलं नाही. मी दर दोन दिवसांनी विचारतो. मिक्सरवर मात्र आता नमुना मामा घेतात, आकडा मामा सांगतात आणि मी लिहितो. परवा त्यांनी एक अख्खा घाणा परत फिरवायला लावला. मी निमूट फिरवला.

बाबा, आता खरं विचारायचं ते.

त्या रात्री मला झोप लागेना, तेव्हा याकोब आठवला. यब्बोक नदीकाठची देवदूताशी रात्रभराची कुस्ती. तुम्ही ती संडे स्कूलमध्ये हलगीसकट सांगायचात, सलामी, पकड, ढाक, आणि पहाटे मांडीच्या सांध्यावर बसलेला तो एक फटका. खासबाग मैदानात बसून बघितल्यासारखी. पण तुम्ही कुस्ती सांगून थांबायचात. आता उत्पत्तीचे ते दोन अध्याय पुन्हा काढून वाचले, तर कुस्तीच्या आधीही त्याचा भाऊ एसाव आहे आणि नंतरही एसावच आहे. ज्याला फसवलं त्या भावाला तोंड दाखवायला हा माणूस निघालाय, पुढं गाई-बैलांचे कळप पाठवलेत, आणि स्वतः मागं राहिलाय. ती कुस्ती त्या वाटेवरची आहे. दुसऱ्या दिवशी तो लंगडतच भावापुढं जातो आणि म्हणतो, तुझं तोंड पाहिलं हे देवाचं तोंड पाहिल्यासारखं झालं. हे वाक्य रात्री लढलेल्याला नाही, भावाला म्हटलंय. तुमच्या खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हापासून याकोबाच्या लंगडण्यावर तुम्ही विनोद करता, म्हणून हे लिहिण्याचं धाडस केलं.

आणि त्यातूनच एक जुनी गोष्ट वर आली. मी तिसरीत होतो. तुम्ही एकदा आठ दिवस घरी होता. आई म्हणाली, बाबांना सुट्टी आहे. ना दिवाळी होती, ना नाताळ. त्या आठ दिवसांत तुम्ही मला अंगणात याकोबाची कुस्ती शिकवलीत. मी दूत, तुम्ही याकोब, आणि दरवेळी तुम्हीच लंगडत उठायचात. त्याच रविवारी चर्चमध्ये भाकरीची थाळी आली तेव्हा तुम्ही न घेता पुढं सरकवलीत. मी विचारलं, तर आईनं मला चिमटा काढला होता. त्या आठवड्यात जेवताना "आज प्रभूनं काय दाखवलं" हे तुम्ही एकदाही विचारलं नाही. मला हायसं वाटलं होतं, म्हणून पक्कं लक्षात आहे.

ती खरंच सुट्टी होती का, बाबा? की तुमच्याही नावानं कुणी कागद काढला होता? आणि काढला असेल, तर तो माणूस कधी आपल्या दारात आला का?

आज पाणी ३७ फुटांवर उतरलंय. उद्या संध्याकाळी मामांच्या म्हशी परत आणायच्या आहेत. मला बोलावणं आहे, या वेळी जुने कपडे घालून या म्हणालेत. तिथून आलो की साडेनऊला फोन करतो. आई, बाबांच्या चांगल्या कानाला फोन लाव आणि स्पीकर बंद ठेव.

तुमचा,
धाकटा